केसरोपण फसले आहे असे कधी मानावे, आणि दुरुस्तीसाठी किती थांबावे?

प्रश्न : गोदाकाठ

नमस्कार. माझे वय ३४ आहे. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी एका क्लिनिकमध्ये एफयूई पद्धतीने (डोक्याच्या मागच्या भागातून केसांची मुळे एकेक काढून पुढे लावण्याची पद्धत) केसरोपण करून घेतले. ३५०० ग्राफ्ट (एक किंवा अधिक केस असलेले मुळाचे तुकडे) लावले असे तोंडी सांगण्यात आले आणि बिलावरही तोच आकडा आहे. आज साडेदहा महिने झाले. कपाळाच्या वर केस आले आहेत, परंतु ते सरळ उभे राहतात, तेल लावून दाबले तरी अर्ध्या तासात पुन्हा ताठ होतात, आणि डोके ओले असताना तर दोन-दोन, तीन-तीन केसांचे झुबके शिवणयंत्राच्या टाक्यांसारखे एका रेषेत दिसतात. त्या पट्ट्याच्या लगेच मागे टाळू पूर्वीपेक्षा अधिक मोकळी वाटते आणि भोवऱ्यापाशी जवळजवळ काहीच उगवलेले नाही.

मागच्या आठवड्यात नेहमीच्या सलूनमधला कारागीर मशीन हातात घेऊन थांबला आणि म्हणाला, ‘‘दादा, मागे कसर लागल्यासारखं झालंय, चार नंबरच्या खाली नको.’’ मागच्या बाजूकडे माझे तोपर्यंत लक्षच गेले नव्हते.

क्लिनिकचे म्हणणे असे की आणखी १५०० ग्राफ्ट सवलतीत लावले की सगळे भरून येईल. हे अपयश समजावे की अजून वाट पाहावी, आणि दुरुस्ती त्यांच्याकडेच करून घ्यावी का, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर १ : त्वचा-कोल्हापूर

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. डोके प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, तरीही तुमच्या वर्णनात चार निरनिराळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्या सुट्या केल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये, एवढे निश्चित सांगता येते.

पहिली बाब वेळेची. लावलेले केस दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात गळतात, मूळ त्वचेखाली शांत पडून राहते, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बारीक, काहीसा वेडावाकडा केस बाहेर येऊ लागतो. सहा महिन्यांनी चित्र अर्धेच असते, समोरच्या भागाचा निकाल साधारण बारा महिन्यांनी लागतो आणि भोवऱ्याला मात्र पंधरा ते अठरा महिनेही लागू शकतात. म्हणून भोवऱ्याबद्दल तुम्ही आज निकाल देऊ नये. केसांची दिशा आणि झुबके यांचे तसे नाही. त्वचेत छेद ज्या कोनात दिला गेला, त्याच कोनात केस आयुष्यभर वाढतो. नवा केस पुढे थोडा मऊ होतो, पण उभा लावलेला केस वाट पाहून आडवा होत नाही.

नैसर्गिक केसरेषेवर पहिल्या काही ओळींत एकेरी केस असतात, ते पुढच्या दिशेने अगदी तिरपे निघतात आणि रेषा स्वतः किंचित नागमोडी असते. कानशिलाजवळ केस खाली आणि मागे वळतात. तेथे दोन-तीन केसांचे ग्राफ्ट काटकोनात बसवले की भाताच्या रोपांची लावणी केल्यासारखे दिसते. रेषेची उंचीही मोजून पाहा. प्रौढ पुरुषात भुवयांच्या मध्यापासून केसरेषेचा मधला बिंदू सामान्यतः ७ ते ९ सेंटीमीटरवर असतो. त्याहून बरीच खाली आणलेली रेषा विशीत शोभेल, पण पंचेचाळिशीत तिच्या मागे रिकामे मैदान पडले की ती चिकटवल्यासारखी दिसते.

पट्ट्यामागची टाळू उघडी पडणे हे बहुतेक वेळा केसरोपणाचे अपयश नसतेच. लावलेला केस मागच्या भागातून आलेला असल्यामुळे टिकतो, मूळचा केस मात्र आनुवंशिक गळतीने जातच राहतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही महिन्यांत धक्क्यानेही आजूबाजूचे केस गळतात, त्यांतले सशक्त परत येतात आणि मुळात बारीक झालेले येत नाहीत. तुम्हाला शस्त्रक्रियेआधी आणि नंतर मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड या गळती रोखणाऱ्या औषधांविषयी काही सांगितले होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. ३४ व्या वर्षी तो प्रश्न ग्राफ्टच्या संख्येइतकाच महत्त्वाचा असतो.

आता खरोखर न उगवलेल्या ग्राफ्टविषयी. काढताना पंचने (पोकळ, गोल पात्याने) मूळ कापले जाणे, चिमट्याने कंद दाबला जाणे, ग्राफ्ट थंड द्रावणात ओलसर न ठेवता गॉझवर वाळणे, शरीराबाहेर तासन्‌तास राहणे, रक्तपुरवठ्याला झेपणार नाही इतकी दाट लावणी, जंतुसंसर्ग आणि धूम्रपान ही नेहमीची कारणे आहेत. एक कारण मात्र वारंवार निसटते. टाळूला खाज असेल, केसाच्या मुळाभोवती लाली व कोंड्यासारखी साल दिसत असेल, किंवा त्वचा गुळगुळीत होऊन रोमछिद्रेच पुसली गेली असतील, तर लायकेन प्लॅनोपिलॅरिससारखा व्रण पाडणारा आजार असू शकतो. अशा टाळूत पुन्हा ग्राफ्ट लावणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशाला रंग देणे होय. शंका असल्यास ट्रायकोस्कोपी (भिंगातून टाळूची तपासणी) आणि गरज पडल्यास लहानशी बायोप्सी (त्वचेचा तुकडा काढून तपासणी) आधी करावी, आजार शांत करावा आणि तो दीर्घ काळ शांत राहिला तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा.

मागची ‘कसर’ मला सर्वांत अधिक चिंतेची वाटते. तेथून काढलेले मूळ पुन्हा उगवत नाही. सर्वसाधारण माणसाच्या मागच्या सुरक्षित पट्ट्यातून आयुष्यभरात पाच-सहा हजार ग्राफ्टच नीट निघतात. तुमचे ३५०० खरेच निघाले असतील तर दोन-तृतीयांश पुंजी संपलेली असू शकते. उरलेली पुंजी मोजण्यापूर्वी सवलतीचे १५०० ग्राफ्ट काढू देऊ नका.

उत्तर २ : पांढरी-टोपी

मी ठाण्याला असतो आणि याच वाटेने गेलेलो आहे, म्हणून दुरुस्तीत प्रत्यक्ष काय होते ते लिहितो.

माझ्या केसरेषेतही तीन केसांचे ग्राफ्ट पुढे बसवले होते. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी चौदा महिने पूर्ण होऊ दिले आणि मग दोन पर्याय समोर ठेवले. रेषा योग्य उंचीवर असेल तर जाड ग्राफ्टच्या पुढे आणि मध्ये एकेरी केस लावून त्यांना झाकता येते. रेषा फार खाली असेल किंवा केस भलत्याच दिशेला असतील, तर एक मिलिमीटरच्या आसपासच्या पंचने एकेक ग्राफ्ट काढून, तो जगण्यासारखा असल्यास मागे योग्य कोनात पुन्हा लावता येतो. लेझरने केस जाळणे स्वस्त पडते, पण तो केस कायमचा गेला, आणि ज्याच्याकडे केसांचीच टंचाई आहे त्याने ते का करावे हे मला कळले नाही. माझे सुमारे २२० ग्राफ्ट दोन बैठकांत काढले. पहिल्या बैठकीनंतर कपाळावर बारीक खपल्यांची रांग होती, आठ-दहा दिवसांनी त्या गळून लालसर ठिपके राहिले आणि ते फिके व्हायला तीन महिने लागले. उजव्या बाजूला दोन-तीन पांढुरके बिंदू आजही आहेत. ते मला दिसतात, इतरांना दाखवावे लागतात.

मागे केस अपुरे होते, म्हणून हनुवटीखालच्या दाढीचे केस घेतले. दाढीचा केस जाड आणि वळणदार असल्यामुळे तो केसरेषेत कधीच लावू नये, मधल्या भागात इतर केसांत मिसळला की भरणा चांगला होतो. मागच्या विरळ जागी सूक्ष्म रंगठिपके काढून घेतले, ज्याला स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन म्हणतात. त्याने केस वाढत नाहीत, फक्त त्वचा आणि केस यांच्या रंगातील फरक कमी होतो, आणि काही वर्षांनी ठिपके फिके पडल्यावर पुन्हा बसावे लागते. माझ्याच बरोबर एका गृहस्थांना जुन्या पट्टी पद्धतीचा (मागची त्वचेची पट्टीच कापून ग्राफ्ट काढण्याचा) रुंदावलेला व्रण होता. व्रणात रक्तपुरवठा कमी असतो म्हणून त्यांना आधी थोडेच ग्राफ्ट प्रयोगादाखल लावले आणि ते जगलेले पाहून पुढचे लावले.

पूर्वीसारखे डोके मिळाले का, असे विचाराल तर नाही. टोपीशिवाय लग्नाला जातो, एवढे झाले.

उत्तर ३ : जुने-दप्तर

वैद्यकीय भागावर मी बोलणार नाही, कागदपत्रांपुरते लिहितो. क्लिनिककडे लेखी अर्ज करून शस्त्रक्रियेची टिपणे, संमतिपत्र, आधीचे फोटो आणि ग्राफ्टची वर्गवारी मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली नोंद ७२ तासांत द्यावयाची असते. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळून पाहता येते. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्ये काढलेल्या सूचनांत, यूट्यूबवर पाहून किंवा कार्यशाळेत बसून ही शस्त्रक्रिया शिकल्याचा दावा पुरेसा नाही असे स्पष्ट केले आहे, तेव्हा छेद कोणी दिले आणि ग्राफ्ट कोणी काढले हेही विचारा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाद मागावी लागते आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही ती मागता येते. मात्र निकाल मनासारखा लागला नाही म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध झाला असे होत नाही, त्यासाठी दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत जवळ असावे. दुरुस्ती सुरू करण्यापूर्वीच तारखेसह फोटो काढून ठेवा, कारण दुरुस्तीनंतर मूळ अवस्थेचा पुरावा उरत नाही.

गोदाकाठ (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. नोंदी मिळाल्या. टिपणांत ग्राफ्टची संख्या २१४० लिहिली आहे, बिलावर ३५००. खुलासा मागितला असता ‘‘तो केसांचा आकडा असेल’’ असे उत्तर मिळाले, जे मला पटलेले नाही. दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी ट्रायकोस्कोपी केली, व्रण पाडणाऱ्या आजाराची चिन्हे नाहीत असे त्यांचे मत पडले. समोर दर चौरस सेंटीमीटरला २८ च्या आसपास ग्राफ्ट जिवंत आहेत, त्या पट्ट्याच्या लगेच मागे मूळचे केस बारीक झाले आहेत. औषध पूर्वी कोणीच सुचवले नव्हते. ते आता दुष्परिणाम समजावून सांगून सुरू केले आहे. मागच्या भागाबद्दल त्यांनी एकच म्हटले, की सगळे ग्राफ्ट मधल्या थोड्याशा जागेतूनच काढले आहेत, कडेचे केस अजून शाबूत आहेत.

त्वचा-कोल्हापूर

ही वाईटातली बरी बातमी आहे. समोर चौरस सेंटीमीटरला ३५-४० ग्राफ्ट असते तर भरणा अधिक चांगला दिसला असता, पण २८ जिवंत आहेत म्हणजे टाळू ग्राफ्ट स्वीकारते आणि चूक प्रामुख्याने मांडणीची आहे. औषधाला किमान सहा महिने, शक्यतो वर्ष द्या. तोपर्यंत भोवऱ्याचा निकालही कळेल. त्यानंतर पुढच्या दोन ओळींतले जाड ग्राफ्ट काढायचे की एकेरी केसांनी झाकायचे हे ठरवता येईल, आणि माझ्या अंदाजाने त्याला काहीशे ग्राफ्ट पुरतील, १५०० लागणार नाहीत. दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, केस ओले आणि कोरडे असे दोन्ही फोटो काढत जा. सलूनमध्ये मशीन सध्या चार नंबरवरच राहू द्या.