ऑफिसचा मेल सर्व्हर बाहेरून वापरायचाय, मेल येतात पण जात नाहीत

प्रश्न:
आमची अकरा जणांची कंपनी. मेल सर्व्हर ऑफिसातच आहे, लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (फोनला मेल वाचायला देणारा). आत सगळं सुरळीत. आता तिघं जण कायम फिरतीवर असतात, त्यांना फोनवर मेल हवेत. २५ पोर्ट (सर्व्हरवरचं क्रमांकाचं दार) आधीपासून उघडा होता, परवा राउटरवर मेल वाचायचा १४३ पण सर्व्हरकडे वळवला. मेल दिसतात, पण पाठवायला गेलं की नुसतं चाक फिरत राहतं आणि शेवटी 'कनेक्शन टाइमआउट'. तिघांचे फोन येऊन येऊन जीव मेटाकुटीला आलाय. काय चुकतंय?

उत्तर:
२५ हा सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीचा पोर्ट. बरीच मोबाइल नेटवर्क तो अडवतात, म्हणून चाक फिरतं. पाठवायला ५८७ उघडा, तिथे टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) आणि लॉगिन सक्तीचं ठेवा. आणि १४३ कृपया आजच बंद करा! एन्क्रिप्शन सक्तीचं नसेल तर पासवर्ड उघड्यावर जातो. मेल वाचायला त्याऐवजी ९९३ वापरा, तिथे सुरुवातीपासूनच एन्क्रिप्शन असतं.

उत्तर:
वरचं बरोबर. फक्त उत्साहात २५ बंद करू नका, बाहेरून येणारे मेल तिथूनच येतात. तिघांचेच फोन असतील तर मी वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे फोनपासून ऑफिसपर्यंतचा खाजगी एन्क्रिप्टेड मार्ग) टाकेन, मग ९९३ आणि ५८७ जगासाठी उघडायलाच नकोत.

प्रश्नकर्ता:
५८७ चाललं! १४३ बंद केलाय. मात्र एका फोनवर 'प्रमाणपत्र जुळत नाही' येतंय.

उत्तर:
त्या फोनमध्ये सर्व्हरचा आयपी (आकड्यांतला पत्ता) टाकलाय का? सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र नावावर असतं, तिथे होस्टनेम (सर्व्हरचं पूर्ण नाव) टाका. इशारा डावलून 'पुढे जा' दाबू नका.

प्रश्नकर्ता:
आयपीच होता. नाव टाकलं, मेल गेला. मनापासून आभार. वायरगार्ड शनिवारी, ऑफिस रिकामं असताना.