प्रति: नाशिकचा समुद्राशी काय संबंध?

'नाशिकला समुद्र नाही, मग इथल्या कॉलेजांनी लाटांपासून वीज बनवण्याच्या फंदात कशाला पडायचं?' हा वरचा प्रश्न रास्त वाटतो, पण पटत नाही. मद्रास आयआयटीने 'सिंधुजा-१' हे लाटांपासून वीज बनवणारं यंत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये तुतिकोरिनपासून सहा किलोमीटर आत समुद्रात तपासलं. क्षमता अवघी १०० वॅट! एक स्टार्टअपही सोबत होतं. अशा यंत्रांचा जीव सील (पाणी आत शिरू न देणारा भाग), बेअरिंग, केबलचे जोड आणि पॅनेलमध्ये असतो. हे तर नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींचं रोजचं काम. बंद पेटीत ३५ अंश सेल्सिअसवर पाच टक्के मिठाच्या पाण्याची फवारणी करून गंजचाचणी इथेही करता येते. लाटांचे हिसके आणि चिकटणारे शिंपले मात्र त्या पेटीत दिसत नाहीत, त्यासाठी किनाऱ्यावरची संस्था सोबत हवीच. नुसता सामंजस्य करार करून फोटो काढायचे असतील, तर राहू द्या. विद्यार्थ्याचा प्रकल्प कारखान्यातल्या खऱ्या सीलवर होणार का, ते आधी ठरवा.