पहिल्याच चाचणीत २० पैकी ७. वही पूर्ण आहे, डोकं रिकामं. काय करू?

वही_पूर्ण (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, कॉलेज सुरू होऊन सात आठवडे झालेत. काल मेकॅनिक्सच्या पहिल्या चाचणीचा पेपर हातात पडला. २० पैकी ७. शाळेत पहिल्या तिनाच्या खाली कधी गेलो नव्हतो. फुशारकी मारत नाहीये, किती हादरलोय ते कळावं म्हणून सांगतोय.

अभ्यास केला नव्हता म्हणावं तर तसंही नाही. एकही लेक्चर बुडवलेलं नाही. अर्धा वर्ग माझ्या वहीचे फोटो काढून नेतो. व्याख्या निळ्या शाईत, सूत्रं लाल चौकटीत. आदल्या रात्री तीनपर्यंत जागून पूर्ण वही तीनदा वाचली आणि सगळं येतंय असं वाटत होतं. पेपरात पहिला प्रश्न वाचला, लाल चौकट डोळ्यांसमोर आली, आतलं काही आलं नाही. दुसऱ्या प्रश्नात उलटंच. सूत्र आठवलं, आकडे घातले, उत्तर काढलं, आणि त्यावर लाल रेघ. काय चुकलं ते अजून कळलेलं नाही.

रूममेट दिवसभर मोबाइलवर खेळत असतो, त्याला १६.

तीन गोष्टी विचारायच्यात. अभ्यास नेमका कसा करायचा? सरांना जाऊन भेटू का, की त्यांना वाटेल आता मार्क वाढवून मागायला आला? आणि घरी अजून सांगितलेलं नाही.

---

शेवटून_दुसरा_बाक

७ ला रडतोस? मला पहिल्या चाचणीत ३ होते आणि त्यातला एक नाव नीट लिहिल्याबद्दल असावा. त्या रात्री तीनपर्यंत जागलास ना, ते आधी बंद कर. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं. १८ वर्षांपर्यंत रात्रीची ८ ते १० तास झोप लागते, पुढे किमान ७. मी दुसऱ्या पेपराला ३० तास जागून गेलो होतो आणि प्रश्नच चुकीचा वाचला. बाकी शहाणे लोक सांगतीलच.

---

जुनी_बॅकलॉगवाली

"लाल चौकट आली, आतलं काही आलं नाही" हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. अरे, हा माझाच आजार आहे.

मला पहिल्या सेमिस्टरला गणितात १०० पैकी ११ होते. अकरा. उत्तरपत्रिका बघायला गेले तर मॅडमनी काही न बोलता एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "इंटिग्रेशन बाय पार्ट्स कुठून येतं ते लिही." मी घडाघडा सूत्र लिहिलं. त्या म्हणाल्या, "हे काय आहे ते झालं. कुठून येतं?" ते माझ्या वहीत डाव्या पानावर खालून तिसऱ्या ओळीपासून आहे, हे मी छातीठोक सांगितलं असतं. लिहिता एक अक्षर आलं नाही. (दोन फंक्शनच्या गुणाकाराच्या डेरिव्हेटिव्हचा जो नियम आहे तो दोन्ही बाजूंनी इंटिग्रेट करायचा आणि एक पद पलीकडे न्यायचं. दोन ओळींचं काम! आजही आठवलं की कान गरम होतात.)

वही समोर असली की सगळं ओळखीचं दिसतं आणि ओळखीचं दिसलं की आपल्याला वाटतं, येतंय. रोज दिसणारा माणूस गर्दीतही ओळखतोस, म्हणून त्याचं चित्र काढता येतं का? पेपर चित्र काढायला सांगतो.

हे माझ्या मनचं नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. एका गटाने एक उतारा चार फेऱ्यांमध्ये नुसता वाचला. दुसऱ्याने एक फेरी वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के आणि लिहिणारे ७१. आठवड्यानंतर तपासलं तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ६१. गंमत म्हणजे आपल्या लक्षात जास्त राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. तुझ्या त्या रात्रीच्या तीन वाचनांनी तुलाही असाच भरवसा दिला.

मी पुढे काय केलं ते सांगते. लेक्चर झालं त्याच संध्याकाळी वही बंद करायची, कोरा कागद घ्यायचा आणि पंधरा मिनिटं आठवेल ते लिहायचं. जिथे अडेल तिथे फुली मारायची आणि पुढे जायचं. मग वही उघडून फक्त फुल्यांची जागा बघायची. दोन-तीन दिवसांनी त्याच विषयाला नवा कोरा कागद, मग आठवड्याने. सोडवून दिलेलं उदाहरण असेल तर उत्तर हाताने झाकून स्वतः सोडवायचं, अडल्यावर एकच ओळ उघडायची.

पहिला आठवडा अपमानाचा जातो, आधीच सांगून ठेवते. माझ्या पहिल्या कागदावर विषयाचं नाव होतं, त्याखाली दोन रेघा, आणि मग अडीच ओळी. दोन रेघा मात्र एकदम सरळ होत्या. वही सजवण्याचा हात असा लगेच जात नाही. माझ्याकडचे सगळे रंगीत पेन मी महिनाभर मैत्रिणीकडे ठेवायला दिले होते. तिने ते वापरून संपवले, तो भाग वेगळा.

रूममेटचं सोडून दे. त्याने हा विषय आधी कुठे केलाय का, तुला माहीत नाही. तुला दिसतो तो फक्त खेळताना.

घरचं. मी दोन महिने सांगितलं नव्हतं. फोन आला की म्हणायचे, "पेपर चांगले गेलेत, निकाल लागायचाय." शेवटी एका रात्री आईला सांगितलं, "गणितात अकरा मिळाले." ती म्हणाली, "कितीपैकी?" मी म्हटलं, "शंभर." बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "बरं, झोप आता, उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिचा फोन, आणि विचारते काय, तर इंटिग्रेशन म्हणजे काय असतं! समजावता समजावता मी दोन ठिकाणी अडले. फुल्याच त्या. सांगून टाक रे. दोन महिने खोटं बोलताना मला जेवढं दमायला झालं तेवढं बॅकलॉगच्या, म्हणजे राहिलेल्या विषयाच्या, अभ्यासानेही झालं नाही.

---

हिशेबनीस

बॅकलॉगवाली ताईंशी सहमत. मी फक्त आकड्यांचं बोलतो.

एका चाचणीचा एकूण निकालावर किती परिणाम होतो ते कागदावर मांडून बघ. समजा तुमच्याकडे दहाच्या श्रेणीत गुण देतात, आठ सेमिस्टर आहेत आणि सगळ्यांचे क्रेडिट (म्हणजे निकालात धरलं जाणारं वजन) सारखे आहेत. पहिल्या सेमिस्टरला ५.५ पडले आणि पुढच्या सातांत ८ राखले, तर शेवटी सरासरी ७.६९ येते. म्हणजे भोक पडतं, जहाज बुडत नाही. आणि तुझं अजून पहिलं सेमिस्टरही संपलेलं नाही.

दुसरं, क्रेडिट बघून वेळ वाट. ४ क्रेडिटच्या विषयात एक श्रेणी वर गेलास तर बेरजेत ४ गुणांची भर पडते, १ क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये एकाची. आमच्या बॅचला एक जण जर्नलच्या आकृत्यांना शेडिंग करत शनिवार-रविवार घालवायचा. जर्नल सुंदर होतं. विषय राहिला.

---

खडूचे_हात

मी पहिल्या वर्षाला शिकवतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो. जरूर भेट. चाचणीनंतर भेटायला येणाऱ्यांत मार्क मागणारे असतात, पण ते पाच सेकंदांत ओळखू येतात, कारण त्यांचं बोट बेरजेवर असतं.

"सर, काहीच कळलं नाही" असं म्हणत मात्र येऊ नकोस. त्यावर मला काही करता येत नाही, मी पुन्हा तेच लेक्चर देईन आणि तू पुन्हा मान हलवशील. चुकलेला प्रश्न कोऱ्या कागदावर परत सोडवून आण, अगदी चुकीचाही चालेल, आणि विचार, "या ओळीपर्यंत मला पटतंय, इथून पुढे का नाही?" दहा मिनिटं पुरतात. लेक्चर संपल्या संपल्या दारात गाठू नकोस. पुढच्या वर्गाची घाई असते आणि आम्ही तेव्हा "हो हो, बरोबर" म्हणून मोकळे होतो. भेटायची वेळ विचारून ये.

आणि सातव्या आठवड्यात ये. पंधराव्या आठवड्यात माझ्या दारासमोर रांग असते.

---

वही_पूर्ण

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, कारण आधी करून बघायचं होतं.

काल रात्री दुसरा प्रश्न कोऱ्या कागदावर घेतला. उतरणीवर ठोकळा ठेवलाय, घर्षण आहे, तो घसरेल का ते सांगायचं. पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच उत्तर आलं. आज वेळ घेऊन सरांकडे गेलो. कागद बघून त्यांनी सूत्रांना हातच लावला नाही. म्हणाले, "ठोकळ्यावर कोण कोण जोर लावतंय, त्याचे बाण काढ." वजनाचा बाण खाली काढला. जमिनीचा काढताना हात सरळ वरच गेला. सर म्हणाले, "जमीन तिरकी आहे ना? ती कुठल्या दिशेने ढकलेल?" मग कळलं. तो बाण उतरणीला काटकोनात हवा, आणि त्याची किंमत पूर्ण एमजी (ठोकळ्याचं वजन) नाही, एमजी कॉस थीटा, थीटा म्हणजे उतरणीचा कोन. घर्षण त्याच जोरावर ठरतं. माझं जास्त येत होतं, म्हणून पेपरात माझा ठोकळा जागचा हललाच नव्हता.

खोलीवर येऊन वही उघडली. पान १४, लाल चौकट, "एन = एमजी". एन म्हणजे तोच जमिनीचा जोर. तिसऱ्या लेक्चरला टेबलावरच्या ठोकळ्याचं उदाहरण होतं, तिथून उतरवलेलं. टेबलाचं चित्र फळ्यावर होतं, मी फक्त सूत्र घेतलं होतं.

रूममेटला विचारलं. त्याने हे सगळं आधी एकदा केलंय, गेल्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात होता. वर्ष सोडून आलाय. मला माहीतच नव्हतं.

घरी रविवारी सांगतो.

---

जुनी_बॅकलॉगवाली

रविवार का? आज कोणता वार आहे?

---

वही_पूर्ण

मंगळवार. बरं ताई, लावतो फोन.

आणि चौकट खोडली नाही. खाली पेन्सिलीने लिहिलंय, "फक्त सपाटीवर, वरून कोणी दाबत नसेल तर."