भीमाशंकर अभयारण्याचे राष्ट्रीय उद्यान झाल्यास कोणते लाभ होतील?

प्रश्न (कोथरूड, पुणे) : नमस्कार. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे. गेल्या रविवारी तेथे जांभळाच्या फांदीवरून शेकरू झेप घेताना पाहिले आणि त्याच झाडाखाली प्रसादाच्या प्लास्टिक पिशव्यांचा खच दिसला, तेव्हा मन विषण्ण झाले. २००४ मध्ये चांदोलीला मिळाला तसा राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा येथे दिल्यास जंगलाचे आणि स्थानिकांचे नेमके काय हित साधेल?

उत्तर (राजगुरुनगर) : सर्वांत मोठा लाभ पाण्याचा आहे. भीमेचा उगम याच जंगलात होतो आणि पुढे तिचे पाणी चासकमान धरणात साठते. डोंगरावर झाडी आणि पालापाचोळा टिकला, तर पाऊस जमिनीत मुरतो, माती वाहून जात नाही आणि धरणात गाळ कमी येतो. आम्ही कालव्यावरचे शेतकरी याच पाण्यावर जगतो, मात्र जंगलाचे हे उत्पन्न कोणत्याही जमाखर्चात धरले जात नाही.

उत्तर (आंबेगाव तालुका) : पाण्याचा मुद्दा मान्य आहे, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात गुरेचराईवर नियंत्रण ठेवता येते, तर राष्ट्रीय उद्यानात ती पूर्णपणे बंद होते आणि लोकांचे त्या जमिनीवरील हक्कही संपुष्टात आणले जातात. आमच्याकडील महादेव कोळी कुटुंबांना हिरड्याचा मोठा आधार आहे. माझी आई बाळहिरडा अंगणात वाळत घालते आणि त्याच्या पैशांतून पावसाळ्याचा किराणा भरते. चांदोलीतील गावांना घरदार सोडावे लागले, हे विसरून चालणार नाही.

उत्तर (औंध, पुणे) : ताडोबात वाटाडे, जिप्सीचालक आणि घरगुती निवासाची सोय करणारे यांना रोजगार मिळतो, पण तेथे पर्यटक वाघासाठी येतात. भीमाशंकरला ज्योतिर्लिंगामुळे गर्दी आधीच आहे, त्यामुळे दर्जा बदलून ती वाढवण्याची गरज नाही. माझ्या मते अभयारण्यच ठेवावे, वाहनतळाच्या शुल्कातील ठरावीक वाटा ग्रामसभांना द्यावा आणि कचरा उचलण्याचे काम गावातील तरुणांना पगारावर द्यावे.

प्रश्नकर्ता : हिरड्याची बाजू मला ठाऊकच नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपल्या गावाने सामूहिक दावा केला आहे का?

उत्तर (आंबेगाव तालुका) : होय, दावा दाखल केला आहे, निर्णय अद्याप आलेला नाही. तो मिळाल्यावरच दर्जाची चर्चा व्हावी, अशी आमची विनंती आहे.