आजीला विचारलेलं 'स्रोत' धरत नाहीत. आदिवासींनी स्वतः चालवलेलं कॉलेज कुठे आहे का?

येऊरची_वारलीण:
एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्प आम्हा वारल्यांच्या लग्नाच्या चौकावर, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात त्या चित्रावर. माझी आजी धवलेरी, ठाण्यातल्या येऊरच्या पाड्यांवरची किती लग्नं तिने गाऊन लावलीत याची मोजदाद नाही. चौकात पालघाट देवी मांडताना कोणतं गाणं, मध्ये कुठे थांबायचं, सगळं तिच्यापाशी बसून उतरवलं. मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलने लिहिलं, 'स्रोत? ग्रंथ द्या.' अहो, ग्रंथ लिहिणाऱ्यानेही कुणाच्या तरी आजीलाच विचारलं असेल ना! उपवनपर्यंत रिक्षात हाच विचार चालू होता. स्कॉलरशिप, वसतिगृह माहीत आहे, ते नकोय. काय शिकवायचं हे आपलीच माणसं ठरवतात असं कॉलेज जगात कुठे आहे का? आणि पगार कोण देतं?

नेरूळवाला:
आहे. अमेरिकेत नवाहो लोकांनी १९६८ साली स्वतःचं कॉलेज काढलं, ॲरिझोनात. आज नाव दिने कॉलेज. तिथल्या जमातींच्या मालकीच्या कॉलेजांमधलं हे पहिलं. पगाराचं विचारलंस म्हणून सांगतो: १९७८च्या कायद्याने अशा कॉलेजांना केंद्राचा पैसा मिळतो, पण मोजदाद जमातीच्या विद्यार्थ्यांचीच. बाहेरचा मुलगा घेतला तर त्याच्यामागे त्या खात्यातून छदाम नाही.

मास्तर_कळवा:
न्यूझीलंडचंही बघ, बाळा. तिथल्या मूळनिवासी माओरींनी ओटाकी इथे १९८१ला 'वानंगा', म्हणजे स्वतःचं उच्चशिक्षण केंद्र, सुरू केलं. पुढे सरकारने मान्यता दिली, इमारतींच्या पैशाला मात्र टाळाटाळ. प्रकरण माओरींच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाइटांगी न्यायाधिकरणापर्यंत गेलं, १९९९चा अहवाल माओरींच्या बाजूने. आपल्याकडे अमरकंटकचं आदिवासी विद्यापीठ २००७च्या कायद्यातलं, पण केंद्रीय. कुलगुरू नेमतात राष्ट्रपती. पेसाने, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याने, ग्रामसभेला गौण वनोपज दिलं, अभ्यासक्रम नाही. येऊर तर महापालिकेत, तिथे पेसाही नाही.

येऊरची_वारलीण:
मास्तर, म्हणजे नावात आदिवासी आणि सही दिल्लीची. ते कॉलेज होईल तेव्हा होईल, माझं सबमिशन पंधरा दिवसांवर आहे.

नेरूळवाला:
मग हे कर. कॅनडातल्या एका ग्रंथपालाने मूळनिवासी ज्येष्ठांनी तोंडी सांगितलेल्याचा संदर्भ कसा द्यायचा याचे नमुने बनवलेत: नाव, जमात, राहतात कुठे, विषय, तारीख. तिथली कितीतरी विद्यापीठं ते वापरतात. सरांसमोर प्रिंट ठेव. छापील कागदाला सर नाही म्हणत नाहीत.

येऊरची_वारलीण:
ठेवली. सर म्हणाले, बघू. घरी आजीला सांगितलं, तुझं नाव छापून येणार. ती भाकरी थापताना म्हणाली, माझं कशाला? मला मावशीने शिकवलं, तिचं घाल. मावशी जाऊन वीस वर्षं झाली. नेरूळवाले, तारखेच्या रकान्यात काय लिहू?