रात्रीची झोपमोड पगारात धरायची की नाही?

मेधा_एडिसन
माझी आई ८१ वर्षांची, डिमेन्शिया आहे. दीड वर्षापासून गुजरातेतल्या नडियादच्या एक मावशी तिला सांभाळायला इथे, न्यू जर्सीत, आमच्या घरीच पगारावर राहतात. औषधांच्या नोंदीसाठी मी त्यांना वही दिली होती. परवा डॉक्टरांना दाखवायची म्हणून चाळली. डाव्या पानावर गोळ्या. उजव्या पानावर रात्रीच्या वेळा : ११:४०, १:१०, २:३५, ४:०५, ५:२०. पुढे एकदोन शब्द : बाथरूम, पाणी, चादर बदली, 'बा घेर जवानुं कहे छे' (बा घरी जायचं म्हणतात). आख्ख्या महिन्यात सलग तीन तास झोप झालेली एक रात्र मला सापडली नाही. आणि सकाळी सातला त्या आईचा चहा करतात.

पगार आम्ही 'राहून-खाऊन' ठरवलेला. त्यात रात्र कुठेच नव्हती. माझं मत आता पक्कं झालंय : ती रात्र म्हणजे काम आहे. एक तर त्याचे पैसे द्या, नाहीतर रात्री वाटून घ्या. न्यू जर्सीत १ जुलै २०२४ पासून घरकामगारांचा कायदा लागू आहे. लेखी करार हवा, राहणाऱ्या बाईला सहा दिवसांनंतर एक दिवस सुट्टी हवी. आपल्यापैकी कितीजणांनी करार केलाय?

सुहास_६८
मेधाताई, तळमळ पोचली, पण पटलं नाही. हिशोब करा. इथलं किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १५.४९ डॉलर. चोवीस तास धरले तर दिवसाचे जवळजवळ ३७२, महिन्याचे ११ हजारांच्या वर, तेही ओव्हरटाइम न धरता. हे कोण देणार? आपले आईवडील उतारवयात ग्रीन कार्डवर आलेले. पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय त्यांना मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, विकतही घेता येत नाही, आणि घेतलं तरी घरी राहणारी बाई त्यात बसत नाही. मग उरतं नर्सिंग होम. माझ्या वडिलांना मराठीशिवाय काही बोलता येत नाही आता. त्यांना तिथे ठेवू?

आमच्या मावशींना आम्ही घरच्यासारखं वागवतो. रविवारी सुट्टी घ्या म्हटलं तर त्याच नको म्हणतात.

ज्योत्स्ना_क्वीन्स
सुहासदादा, मी हेच काम नऊ वर्षं करते, म्हणून सांगते. सुट्टी नको म्हणतात, कारण जायचं कुठे? राहायची नोकरी धरली की भाड्याची खोली सोडावी लागते. शिवाय बदली आलेली बाई आजींना आवडली तर आपली नोकरी गेली, ही धास्ती असते. पहिली दोन वर्षं मीही नको म्हणायचे. 'घरची' म्हणणाऱ्या एका घरात मला फ्रिज उघडायला विचारावं लागे.

आमच्या न्यूयॉर्कमध्ये तर एजन्सीची चोवीस तासांची ड्युटी असते आणि पैसे तेरा तासांचे. आठ तास झोप, तीन तास जेवण धरून अकरा वजा. झोपेतले पाच तास सलग मिळायला हवेत असा नियम, पण मिळाले नाहीत हे दाखवायचं कसं? २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टानेही हा तेरा तासांचा नियम उचलून धरला. याविरुद्ध मार्च २०२४ मध्ये सिटी हॉलसमोर हेच काम करणाऱ्या बायका उपोषणाला बसल्या, त्यात साठीच्या चिनी बायका होत्या. माझे दोन्ही खांदे गेलेत. सत्तर किलोच्या माणसाला रात्री तीनला एकटीने कुशीवर वळवून बघा एकदा.

मेधाताई, ती वही जपून ठेवा. आमच्यातल्या बहुतेकींकडे अशी नोंदच नसते.

प्रसाद_वकील
एक मुद्दा राहतोय. १९७४ पासून अमेरिकी कायद्याने या कामाला 'सोबत' म्हटलं आणि किमान वेतनातून वगळलं. हेच काम करणाऱ्या, जमैकाहून आलेल्या इव्हलिन कोक यांनी ओव्हरटाइमसाठी खटला भरला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २००७ मध्ये त्या हरल्या. २०१३ च्या नियमाने ती सूट बरीच आवळली. जुलै २०२५ मध्ये ती पुन्हा सैल करण्याचा प्रस्ताव आला. म्हणजे सुहासरावांची ओढाताण खरी असली, तरी ती आजवर बायांच्या झोपेतूनच भागवली गेली आहे.

सुहास_६८
वकीलसाहेब, कायदा मान्य. पण उद्या मी मावशींना म्हणालो, परवडत नाही, जा, तर त्यांचं भलं होणार आहे का? ज्योत्स्नाताई, खोलीचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते आज त्यांना विचारतो. चोवीस तासांच्या पगाराचं मात्र मला अजूनही जमण्यातलं दिसत नाही.

मेधा_एडिसन
आम्ही शुक्रवार-शनिवारची रात्र स्वतःकडे घेतलीय. गेल्या शनिवारी मी आईच्या खोलीत झोपले. चारदा उठले. तिसऱ्यांदा आईने मला ओळखलं नाही, "त्या बाईला बोलवा" म्हणून रडायला लागली. दार उघडलं तर मावशी पॅसेजमध्ये उभ्याच होत्या, अंगावर शाल घेऊन. झोपल्याच नव्हत्या.

येत्या शनिवारी त्यांना माझ्या मैत्रिणीकडे झोपायला पाठवतेय. करार गुजरातीत लिहून द्यायचाय. कोणाकडे नमुना असेल तर इथे द्या.