सहावीच्या मुलांना मुंबईचा किनारा कसा शिकवावा?

परळची शिक्षिका
मी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला विज्ञान शिकवते. वर्गातील बहुतेक मुले समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहतात, तरीही त्यांच्या लेखी समुद्र म्हणजे चौपाटीवरची भेळ आणि गणेश विसर्जन. शाळेकडून दरवर्षी किनारा स्वच्छतेचा कार्यक्रम होतो, घोषवाक्यांचे फलक रंगवले जातात आणि विषय तिथेच संपतो. ‘निसर्गाची काळजी घ्या’ असे सांगण्यापूर्वी, ज्यांची काळजी घ्यायची ते जीव मुलांनी एकदा तरी डोळ्यांनी पाहावेत, असे मला मनापासून वाटते. चाळीस मुलांना कुठे, कोणत्या वेळी न्यावे आणि नेमके काय दाखवावे?

ओहोटीचा वाटसरू
स्थळ ठरवण्याआधी तिथी ठरवा. मुंबईच्या किनाऱ्यावर जुना ठोकताळा असा आहे की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातच्या आसपास. चतुर्थीला भरती तीनला, तर ओहोटी पावणेनऊच्या सुमारास. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण तेव्हा भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असल्यामुळे पाणी फारसे मागे हटत नाही आणि खडक झाकलेलेच राहतात. त्यामुळे सकाळच्या शाळेसाठी पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी हा काळ सर्वांत सोयीचा. हा ठोकताळा तासाभराने चुकू शकतो, म्हणून छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिल्याशिवाय तारीख पक्की करू नका. त्यात ओहोटीची उंची जितकी शून्याच्या जवळ, तितका खडक अधिक उघडा.

हाजी अली किंवा कार्टर रोडचा खडकाळ पट्टा निवडा. चाळीस मुले एकदम उतरवू नका. आठ-दहांचे गट करा आणि प्रत्येक गटाला चटईएवढीच जागा द्या. मुले आधी म्हणतील की इथे काहीच नाही. त्यांना एका डबक्यापाशी पाच मिनिटे गप्प उकिडवे बसवा. स्थिर वाटणारा शंख अचानक चालू लागतो आणि त्याखाली खेकड्याचे पाय दिसतात. या खेकड्याचे पोट मऊ असते, ते झाकायला तो रिकामा शंख शोधतो आणि वाढला की मोठ्या शंखात बिऱ्हाड हलवतो. एवढे डोळ्यांनी पाहिल्यावर शंख घरी का नेऊ नयेत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दगड उलटला तर तो जसा होता तसाच परत ठेवायचा, कारण खालच्या बाजूचे जीव उन्हात सुकून मरतात. शंकूच्या आकाराचा शंख कोणीही उचलू नये. कोन शंखाचा दंश विषारी असतो. पाणी वळण्याआधीच मुलांना बाहेर काढा आणि पावसाळ्यात हा बेत मुळीच आखू नका. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ पासून अशा किनारा-फेऱ्या घेत आला आहे. तेथील जाणकार सोबत असतील तर उत्तम.

वेसाव्याची लेक
वरच्या उत्तरातील तिथीचा हिशेब आमच्या घरी आजोबा बोटांवर करीत. तुमच्या वर्गात कोळीवाड्यातील मूल असेल, तर त्याच्या आजीला अवश्य वर्गात बोलवा; निवटी हा चिखलातला मासा कुठे सापडतो आणि पूर्वी जाळ्यात काय येत असे, हे ती ज्या अधिकाराने सांगेल त्याला तोड नाही.

दुसरे असे की मुलांना पट्टी घेऊन मासळीबाजारात न्या. पापलेट हा २०२३ पासून राज्यमासा आहे आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे. टोपलीतील पिल्लू मोजल्यावर, अंडी घालण्याआधीच मासा पकडला गेला तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार, हा प्रश्न मुले आपणहून विचारतील. मात्र विकणाऱ्या बाईंना आधी विचारा आणि मुलांसमोर त्यांना गुन्हेगार ठरवू नका.

खाडीकाठचा निवृत्त मास्तर
स्वच्छता मोहिमेबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ मध्ये सुरू झालेल्या सफाईनंतर २०१८ च्या मार्चमध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. तेव्हा हे काम निरर्थक नाही. मुलांनी हातमोजे घालून कचरा उचलावा, पण तो वेगळा करून नोंदवावा: गुटख्याच्या पुड्या किती, थर्माकोल किती, जाळ्यांचे तुकडे किती, आणि यातले आपल्या घरातून नाल्यावाटे काय आले असेल.

खडकांइतकेच कांदळवनही दाखवा. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आहे. कांदळवनातल्या तिवराच्या झाडाचे पान उन्हात तिरके धरले की झाडाने बाहेर टाकलेल्या मिठाचे कण चमकताना दिसतात. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळे श्वासासाठी असतात, म्हणून त्यांच्यावर राडारोडा पडला की झाड गुदमरते. २६ जुलै हा जागतिक कांदळवन दिन आहे. २००५ मध्ये याच तारखेला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि त्या दिवसाच्या आठवणी तुमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी निघतील. पावसाळ्यात किनाऱ्यावर जाता येत नाही, तेव्हा हा पाठ वर्गातच घ्या.

परळची शिक्षिका
सर्वांची मनापासून आभारी आहे. जुलैमध्ये वर्गात कांदळवनाचा पाठ, दिवाळीच्या सुट्टीनंतर मासळीबाजार आणि जानेवारीतील सोयीच्या तृतीयेला हाजी अली, असा क्रम मुख्याध्यापकांपुढे ठेवते. एक शंका उरते: दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस पुरेल, की खडकावर दोघे हवेत?

ओहोटीचा वाटसरू
दोघे हवेत. एकाने मुलांकडे पाहावे आणि दुसऱ्याने पाण्याकडे.